कड्यावरच्या त्या रेषा छापायला हव्या होत्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पानावर एम८७ या दीर्घिकेच्या मध्यावरील महाकाय कृष्णविवराची बातमी आली होती. कृष्णविवराचे चुंबक उलटले, असे मथळा सांगत होता. सोबत ते ओळखीचे नारिंगी कडे होते. त्याचे कात्रण घेऊन आमच्या आळीतला नववीतला मुलगा माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "काकू, म्हणजे कृष्णविवर हे एक मोठ्ठं लोहचुंबकच ना?" त्याला उत्तर देता देता माझ्या लक्षात आले की बातमीत दोन गोष्टी चुकल्या आहेत आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट चित्रातच आलेली नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे, तरी पूर्ण वाचावे ही विनंती.

अलिबागला माझे चष्म्याचे दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेले, गेली ३१ वर्षे मी सांभाळते. खगोलशास्त्र मी शिकलेले नाही. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न झाले आणि काचा घासायला बसले. पण ही बातमी ज्या गोष्टीवर उभी आहे, ती माझ्या काउंटरवर रोज असते: प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरींनी एकाच दिशेत थरथरणे. पोलरॉइड गॉगल विकणाऱ्याला ते समजावून सांगावेच लागते, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येते. गॉगल लावून मोबाइल आडवा धरला की पडदा काळा दिसतो, काच खराब दिलीत, अशी तक्रार महिन्यातून दोनदा तरी येते. काच खराब नसते. मोबाइलच्या पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत थरथरत असतो आणि काच त्याच दिशेला आडवी येते, एवढेच.

आमच्याकडचे कोळी बांधव हे इतर गिऱ्हाइकांआधी शिकतात. एक दादा दर दोन वर्षांनी गॉगल बदलायला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना दुकानाबाहेर नेऊन पोलरॉइडचा तुकडा हातात दिला आणि पाण्याने भरलेल्या पिंपाकडे बघत तो गोल फिरवायला सांगितले. एका बाजूला पाण्यावर नुसती चकाकी, काटकोनात फिरवला की तळ दिसतो. "ताई, काचेनं पानीच बाजूला सारलं," असे ते म्हणाले होते. पाण्यावरून तिरपा परतणारा प्रकाश बहुतांशी आडवा थरथरतो, आपली काच तो अडवते, आतला प्रकाश तेवढा येऊ देते. सूर्य साधारण ३७ अंशांवर असतो तेव्हा हा परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना कोणीही पाहू शकेल.

हेच करून रामन यांनी १९२१ साली युरोपातून परतताना बोटीवरून समुद्र पाहिला होता. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होते, पोलरॉइडचेच काम करणारा स्फटिक. पृष्ठभागावरची चकाकी त्याने काढून टाकली तरी पाणी निळेच राहिले, म्हणजे समुद्राचे निळेपण हे नुसते आकाशाचे प्रतिबिंब नव्हे. मुंबई बंदरातून त्यांनी 'नेचर'ला टिपण पाठवले. तेही संपादकांना लिहिलेले पत्रच होते.

आता कृष्णविवराकडे येते. आपण छापलेले चित्र २०१९ सालचे आहे. १० एप्रिल २०१९ रोजी 'इव्हेंट होरायझन टेलिस्कोप' या जगभरच्या दुर्बिणींच्या जाळ्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी ते जगापुढे ठेवले. त्यात प्रकाश कुठे जास्त आणि कुठे कमी एवढेच दिसते. २४ मार्च २०२१ ला त्याच कड्याचे दुसरे चित्र आले. त्यावर बारीक बारीक रेषा आहेत, भोवऱ्यात सापडलेल्या गवताच्या काड्यांसारख्या वळत गेलेल्या. त्या रेषा सजावटीच्या नाहीत. कड्याच्या त्या त्या जागेवरून आलेला प्रकाश कोणत्या दिशेत थरथरतो, ते त्या दाखवतात. चुंबकीय क्षेत्राबद्दल जे काही कळले आहे ते त्या रेषांवरून कळले आहे. आपली बातमी संपूर्णपणे रेषांविषयी होती आणि चित्र बिनरेषांचे होते. मुलाने मला विचारले, "यात चुंबक कुठं दिसतो?" बरोबरच विचारले. त्या चित्रात तो दिसणारच नाही.

रेषांवरून चुंबकीय क्षेत्र कसे ओळखतात, ते थोडक्यात लिहिते. कृष्णविवराभोवतीचा वायू इतका तापलेला असतो की अणू शाबूत राहत नाहीत, इलेक्ट्रॉन सुटे होतात. विश्वकोशात याला आयनद्रायू असा शब्द आहे, मुले प्लाझ्मा म्हणतात. सुटे इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावतात आणि धावताना रेडिओ लहरी सोडतात. त्या लहरींची थरथर बलरेषेला काटकोनात असते. बलरेषा शिस्तीत एका दिशेला असतील तर प्रकाशही शिस्तीत येतो, तत्त्वतः ७० टक्क्यांपर्यंत ध्रुवित. बलरेषांचा गुंता झाला असेल तर थरथरी एकमेकींना खोडतात. एम८७ च्या कड्यात जिथे ध्रुवण सर्वाधिक होते तिथे ते सुमारे १५ टक्के निघाले. म्हणजे क्षेत्र आहे, त्याला दिशा आहे, पण वाटेत आणि आत बरीच सरमिसळही आहे. शिवाय तिथे प्रकाशाची वाटच वाकलेली असते, त्यामुळे रेषेला काटकोन काढला की झाली बलरेषा, इतके सोपे ते नाही. संगणकावर अनेक प्रकारची कृष्णविवरे तयार करून, कोणते चित्र या भोवऱ्याशी जुळते ते ताडून पाहावे लागले.

पहिली चूक, कृष्णविवर हे लोहचुंबक नव्हे. एकट्या कृष्णविवराचे वर्णन तीनच गोष्टींनी होते: वस्तुमान, फिरकी आणि विद्युतभार. त्यातला भार निसर्गात जवळजवळ शून्यच राहतो असे मानतात, कारण आजूबाजूचा वायू तो लगेच भागवून टाकतो. त्यामुळे त्याच्या अंगचे असे चुंबकत्व नाही. चुंबकीय क्षेत्र त्या वायूचे आहे. वायू आत ओढला जातो तशा त्याच्याबरोबर बलरेषाही येतात, कारण अशा वायूत त्या रुतून बसलेल्या असतात. आत येता येता त्या दाटतात, ताणल्या जातात. वायू नसेल तर कृष्णविवर हे क्षेत्र धरून ठेवू शकत नाही. मी त्या मुलाला म्हटले, नदीच्या पुराबरोबर वाहून आलेल्या दोरखंडांनी बंधाऱ्याला मिठी मारावी तसे ते आहे, बंधाऱ्याने काही ते दोर वळलेले नसतात.

त्याचा पुढचा प्रश्न मला फार आवडला: "मग केवढा जोर असेल काकू?" आपल्या बातमीत जोराचा आकडाच नाही, नुसतेच 'प्रचंड' आहे. आकडा आहे, आणि तो ऐकून मीही थबकले होते: १ ते ३० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचे माप). फ्रिजच्या दारावर आपण कागद अडकवतो त्या चुंबकाचा जोर ५० ते १०० गॉस असतो. एमआरआयच्या यंत्रात १५ हजार गॉस सहज असतात. साडेसहाशे कोटी सूर्यांचे वस्तुमान असलेल्या कृष्णविवराच्या दाराशी फ्रिजच्या चुंबकाहून कमी!

पण कमी म्हणजे दुबळे नव्हे, आणि इथेच या विषयाचा गाभा आहे. त्या जागी वायू अतिशय विरळ आहे. एका घन सेंटिमीटरमध्ये दहा हजार ते एक कोटी इलेक्ट्रॉन. आपल्या श्वासातल्या हवेत तेवढ्याच जागेत रेणूंची संख्या लिहायची तर दोनावर एकोणीस शून्ये द्यावी लागतील. इतक्या विरळ वायूला ३० गॉस पुष्कळ झाले. दाटलेल्या बलरेषा बाहेरच्या बाजूला रेटा देतात, आत पडणारा वायू अडतो, तुंबतो, मग कुठेतरी फट सापडली की धारेने आत घुसतो. रमेश नारायण आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००३ साली या अवस्थेचा अभ्यास करून तिला नाव दिले, मराठीत आपण चुंबकाने अडवलेली वायूची चकती म्हणू. रेषांच्या चित्राशी ताडून पाहिल्यावर एम८७ साठी संगणकावरची जी प्रतिरूपे टिकली, ती याच जातीची आहेत.

आणि हे क्षेत्र पसरले आहे किती जागेत? त्या कृष्णविवराच्या क्षितिजाचा, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेचा, व्यासच सुमारे ३,८०० कोटी किलोमीटर आहे, पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीचशे पट. एवढ्या घेरातल्या बलरेषा फिरत्या कृष्णविवराने पिळल्या की त्याच्या फिरकीतली ऊर्जा बाहेर येऊ शकते, हे ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडले. एम८७ मधून एक झोत निघतो, तो हेबर कर्टिस यांना १९१८ मध्येच लिक वेधशाळेतून दिसला होता, एक सरळ किरण दीर्घिकेच्या मध्यातून निघाल्यासारखा. त्याची लांबी पाच हजार प्रकाशवर्षांच्या घरात आहे. त्याला ऊर्जा कोण पुरवते या प्रश्नाचे आज सर्वांत पटणारे उत्तर या क्षीण वाटणाऱ्या क्षेत्रातून जाते. कृष्णविवर सगळे गिळते, एवढेच आपण मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. ते बाहेरही टाकते, आणि ते चुंबकीय क्षेत्रामुळे, हे सांगायला या बातमीसारखी संधी दुसरी नव्हती.

याच प्रश्नावर नरेश दधिच, संजीव धुरंधर आणि संजय वाघ यांचे १९८५ चे काम आहे, हेही मराठी वृत्तपत्रात यावे असे मला मनापासून वाटते. फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा काढण्याची एक कल्पना रॉजर पेनरोज यांनी मांडली होती, पण त्यासाठी कणांना इतक्या प्रचंड वेगाने एकमेकांपासून फुटावे लागे की प्रत्यक्षात ती निरुपयोगी मानली जाऊ लागली. भोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असेल तर ही अट सैल होते, हे या तिघांनी दाखवून ती कल्पना पुन्हा जिवंत केली. यांतले दधिच आणि धुरंधर पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दीर्घकाळ होते. कड्याचे चित्र येण्याच्या चौतीस वर्षे आधीचे हे काम आहे. बातमीच्या शेवटी दोन ओळी त्यांच्याविषयी असत्या तर नववीतल्या त्या मुलाला हा विषय परक्यांचा वाटला नसता.

दुसरी चूक मथळ्यातली. चुंबक उलटले, असे शास्त्रज्ञांनी म्हटलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी २०१७, २०१८ आणि २०२१ या तीन वर्षांतली चित्रे शेजारी ठेवली. कड्याचा आकार तिन्हींत तोच. रेषांचा भोवरा मात्र २०१७ मध्ये एका दिशेला वळलेला, २०१८ मध्ये बराच निवलेला आणि २०२१ मध्ये उलट दिशेला वळलेला. उलटला तो ध्रुवणाचा भोवरा. क्षेत्राची घडण बदलल्याने तो उलटू शकतो, तशीच वाटेतल्या वायूमुळेही प्रकाशाची थरथर फिरू शकते. दोन्ही मिळूनही घडले असेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

वाटेत थरथर फिरते म्हणजे काय, हे काचेच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मायकेल फॅरडे यांनी १८४५ साली शिसे घातलेली जड काच चुंबकाजवळ ठेवली, तिच्यातून ध्रुवित प्रकाश सोडला आणि चुंबक चालू करताच प्रकाशाची दिशा किंचित वळली. प्रकाश आणि चुंबक यांचे नाते पहिल्यांदा दिसले ते एका काचेच्या तुकड्यात. ज्या परिणामाला फॅरडेंचे नाव आहे, तोच साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर त्या रेषा वळवत असतो. मी ही ओळ लिहिताना काउंटरवरच्या काचांकडे पाहते आहे आणि मला खरेच भरून येते.

आणखी एक गोष्ट. चित्र २०१९ ला आले, निरीक्षणे एप्रिल २०१७ चीच होती, मग रेषा यायला २०२१ का उजाडले? चिली, हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, स्पेन अशा दूरदूरच्या दुर्बिणींनी १.३ मिलिमीटर लहरींवर एकाच वेळी पाहायचे, नोंदी हार्ड डिस्कवर भरून विमानाने आणायच्या आणि जुळवायच्या, हे तर होतेच. पण प्रत्येक दुर्बीण स्वतःही थोडे ध्रुवण निर्माण करते. दोन दिशांच्या थरथरी वेगळ्या ठेवायच्या असतात, त्या यंत्रात थोड्या एकमेकींत पाझरतात. ती गळती प्रत्येक दुर्बिणीची वेगळी. ती मोजून वजा केल्याशिवाय रेषांवर विश्वास कसा ठेवणार?

माझ्याकडे काचेतला ताण पाहायचे छोटे यंत्र आहे, मागे दिवा, पुढे दोन पोलरॉइड आणि त्या दोहोंच्या मध्ये चष्मा धरायला जागा. धातूच्या फ्रेममध्ये काच जास्त घट्ट बसवली की त्यात कडेने पांढरे पट्टे उमटतात. काच साध्या डोळ्याला निर्दोष दिसते, ताण फक्त तिथेच दिसतो. सासरे सांगत, आधी यंत्र रिकामे बघायचे, त्यात काही उमटत नाही ना ते पाहायचे, मगच गिऱ्हाइकाची काच ठेवायची. जगभरच्या तीनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी दोन वर्षे जे केले, त्यातला मोठा भाग यंत्र रिकामे बघण्याचाच होता.

अलिबागकराला तर हे आणखी जवळचे असायला हवे. आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे दिसत होते, म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांनी १९०४ साली काम अलिबागला हलवले. चुंबकत्व नसलेला दगड पारखून इमारत बांधली. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट बसावा म्हणून. इथे पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसहूनही कमी आहे. ते मोजण्यासाठी एवढी काळजी. त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, रोज शाळेला त्याच रस्त्याने जातो, आत काय चालते ते माहीत नव्हते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्या कड्याचे रेषांसह चित्र एकदा छापावे, शक्यतो तिन्ही वर्षांचे शेजारी शेजारी. आपल्याच आकाशगंगेच्या मध्यावरच्या, चाळीस लाख सूर्यांएवढ्या धनु अ* कृष्णविवराचे रेषाचित्र २७ मार्च २०२४ ला आले आहे, तेही सोबत द्यावे. आकाराने इतके वेगळे असूनही दोघांभोवतीचा भोवरा किती सारखा आहे, हे शब्दांपेक्षा डोळ्यांना लवकर कळते. मजकुरात पोलरायझेशनसाठी ध्रुवीकरण न लिहिता ध्रुवण लिहावे. पहिल्या पानावर रोज ध्रुवीकरण निवडणुकीचे असते, विज्ञान पानावर तोच शब्द आला की वाचक गोंधळतो. आणि आकडे छापावेत, 'प्रचंड' नको.

एक आकडा मीच देते, वाटल्यास वापरावा. दृष्टितपासणीच्या तक्त्यावर सहा-बाय-सहाची ओळ वाचणाऱ्याला अक्षराच्या ज्या एका रेघेची जाडी ओळखू येते, तिचा कोन एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, असतो. ते अख्खे कडे त्याच्या चौदा लाखाव्या भागात मावते.

चित्र नीट छापून आले तर ते कापून दुकानात त्या तक्त्याशेजारी लावणार आहे. मुलगा रविवारी पुन्हा येईल, पिंपाच्या पाण्यावर पोलरॉइड फिरवून बघायचे त्याचे राहिले आहे. शेजारी रेषांचे चित्र असेल तर एकाच वेळी दोन्ही दाखवता येईल.

आपली,
एक चष्मेवाली वाचक,
अलिबाग, जि. रायगड